डॉक्टरताईंना विचारा : ‘टाके उघडून’ पुन्हा दिवस राहतात का?

गेल्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या हजार बायकांपैकी अठरा-एकोणीस जणींना पुढच्या दहा वर्षांत तरीही दिवस राहतात (अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतला आकडा आहे हा). लिहिलं होतं सावध करायला, पण पत्रं आली ती भलत्याच बाजूनं. मग आम्हाला का नाही राहत, राहावेत म्हणून काय करायचं, नस परत जोडता येते का, कुठे, कितीला.

खरं तर नवल वाटायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींचं हे ऑपरेशन झालेलं आढळलं, आणि आपल्याकडे ते होतं पंचविशी-सव्विशीत. त्यानंतर पंधरा-वीस वर्षं पाळी चालू असते, तेवढ्यात आयुष्यात काय काय होतं ते या पत्रांत आहेच. म्हणून यावेळी सगळा कॉलम याच विषयावर. नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : ताई माझं वय ३१ आहे. लग्न अठराव्या वर्षी झालं, एक मुलगी मग मुलगा. मुलगा झाला तेव्हा तिसऱ्या दिवशीच ऑपरेशन करून घेतलं, सासूबाई म्हणाल्या दोन झाली बास. त्याला सात वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात मुलगा विहिरीत पडून गेला. आता हे म्हणतात अजून एक मूल होऊ दे, मलापण वाटतं. गावातली एक बाई म्हणते सोलापूरला टाके उघडून देतात अर्ध्या तासात, दुसरी म्हणते एकदा नस कापली की विषय संपला. यातलं खरं काय आणि खर्च किती येतो? – एक वाचक, माढा तालुका

उत्तर : मुलाबद्दल वाचून काय लिहावं सुचत नाही. त्या दुःखावर माझ्याकडे औषध नाही, तुम्ही विचारलंय तेवढंच नीट सांगते.

दोघींचंही चूक आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी केलेलं म्हणजे बेंबीच्या खाली छोटा आडवा व्रण असेल तुमचा, बघा. त्या छेदातून दोन्हीकडची गर्भनलिका (आपण नस किंवा नळी म्हणतो ती) बाहेर ओढतात, मधला भाग उचलून त्याचा फासा करतात, फाशाच्या बुडाशी विरघळणारा दोरा बांधतात आणि वरचा तुकडा कापून टाकतात. दोरा काही आठवड्यांत विरघळून जातो, आणि कापलेली दोन टोकं आपापली बंद होऊन एकमेकांपासून लांब सरकतात. म्हणजे आत उघडायला टाका उरलेलाच नसतो. बाहेरचे टाके कातडीचे होते, ते कधीच गेले. त्यामुळे ‘टाके उघडून देतो अर्ध्या तासात’ असं जो कोणी सांगत असेल त्याच्याकडे जाऊ नका, एवढं सरळ सांगते.

पण विषय संपला असंही नाही. नळी परत जोडतात, डॉक्टर लोक त्याला रिकॅनलायझेशन म्हणतात, चिठ्ठीवर तोच शब्द असेल. यात पोट पुन्हा उघडावं लागतं (काही ठिकाणी दुर्बिणीतून करतात, पण तसा हात बसलेले सर्जन कमी), बंद झालेली दोन्ही टोकं थोडी थोडी कापून आतलं ताजं भोक मोकळं करतात आणि मायक्रोस्कोपखाली केसासारख्या बारीक दोऱ्यानं टोकाला टोक जोडतात. गर्भनलिका सगळी मिळून दहा-बारा सेंटिमीटर लांब, आणि पिशवीजवळच्या अरुंद भागात तिचं आतलं भोक जेमतेम एक मिलिमीटर. ते भोक भोकासमोर यायला हवं, आणि हे दोन्ही बाजूंना करायचं, म्हणून दोन-तीन तास लागतात. शेवटी खालून पिशवीत निळा रंग सोडतात आणि नळीच्या झालरीसारख्या टोकाकडे बघत बसतात, तिथून निळं पाणी बाहेर आलं की जोड जमला. दोन्हीकडून आलं तर उत्तमच, एका बाजूनं आलं तरी आशा असते.

आता तुमचं जमेल का. हे बऱ्याच गोष्टींवर आहे पण दोन मोठ्या. एक, नळी किती उरलीय. जोडल्यावर चार सेंटिमीटरपेक्षा जास्त राहिली तर चांगलं, आणि झालर असलेलं टोक शाबूत पाहिजे, कारण बीज तीच झालर उचलून घेते. तुमच्यासारखं बाळंतपणानंतरचं ऑपरेशन असेल तर मधला तीनेक सेंटिमीटरचा तुकडा गेलेला असतो, झालर बहुतेक शाबूत असते. दुर्बिणीतून ज्यांना रिंग टाकलेली असते (आपल्याकडे बिनटाक्याचं म्हणतात ते) त्यांची नळी साधारण तेवढीच किंवा थोडी कमी खराब होते, त्यामुळे त्यांचंही बरं असतं. ज्यांच्या नळ्या करंट देऊन जाळल्यात किंवा झालरच काढून टाकलीय त्यांचं अवघड. दुसरी गोष्ट वय, आणि माझ्या मते हीच मोठी. तुम्ही ३१ च्या आहात म्हणजे वय तुमच्या बाजूनं आहे. पस्तिशीच्या आतल्या, नळी पुरेशी उरलेल्या बायकांमध्ये शंभरातल्या साठ-सत्तर जणींना दिवस राहतात, बहुतेकींना पहिल्या वर्ष-दोन वर्षांत. राहिलेल्या तीस-चाळीस जणींना नाही राहत, हेही घरी मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे उद्या ऑपरेशन करूनही नाही झालं तर दोष तुमच्या माथी येणार नाही.

जाण्याआधी दोन कामं करा. जिथे ऑपरेशन झालं तिथला डिस्चार्जचा कागद किंवा ऑपरेशनचं सर्टिफिकेट शोधा, सापडत नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन रजिस्टरमधली नोंद मागा, कुठल्या पद्धतीनं केलं ते त्यात असतं आणि जोडणाऱ्या डॉक्टरला त्याची फार मदत होते. दुसरं, तुमच्या मिस्टरांची वीर्य तपासणी. ‘मला दोन पोरं झालीत की, माझी कशाला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अहो सात वर्षांत तंबाखू, शुगर, कुठली कुठली औषधं, बरंच बदललेलं असतं. काही शे रुपयांची तपासणी आहे, आणि त्यात काही निघालं तर तुमचं पोट उघडायचं वाचतं. तुमची सोनोग्राफी, थायरॉईड, रक्तातलं हिमोग्लोबिन हे होईलच. काही सर्जन आधी दुर्बीण घालून नळी जोडण्यासारखी आहे का ते बघतात आणि मगच मोठा छेद घेतात, हे मला जास्त पटतं.

खर्चाचं म्हणाल तर खासगीत हॉस्पिटलप्रमाणे इतका फरक आहे की आकडा लिहिण्यात अर्थ नाही. आधी सोलापूरच्या सिव्हिलला स्त्रीरोग विभागात जाऊन सरळ विचारा. मूल गेलेल्या आईसाठी हे ऑपरेशन सरकारी मेडिकल कॉलेजात करणं काही नवीन नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमच्या बाजूला कितीतरी बायकांची मुलं वाहून गेली आणि त्यांची ऑपरेशनं आधीच झालेली होती, तेव्हा तिथल्या सरकारनं नस जोडण्याचा खर्च स्वतः उचलला होता. तुम्ही मागताय ते काही जगावेगळं नाही, संकोच करू नका.

आणि एक, विचारलं नाहीत तरी लिहिते. वर्ष झालेलं नाही अजून. ३१ व्या वर्षी चार-सहा महिने थांबल्यानं काही बिघडत नाही, तेवढ्यात रक्त वाढवा, फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करा, झोप येते का बघा. मुलगी दहा-बारा वर्षांची असेल आता, तिचाही भाऊ गेलाय. घरात नवीन बाळाची बोलणी चालतात तेव्हा ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकत असते, तिच्याशी कोणी बोललंय का?

प्रश्न : मॅम, मी ३८, आयटीमध्ये आहे. पहिल्या लग्नातून दोन मुलं, दोन्ही सिझर, दुसऱ्या सिझरच्या वेळीच ट्यूब्ज बांधल्या. घटस्फोटानंतर मागच्या वर्षी दुसरं लग्न केलं, मिस्टर ४२ चे, त्यांना स्वतःचं मूल नाही. एक डॉक्टर म्हणतात रिव्हर्सल करा, दुसरे म्हणतात डायरेक्ट आयव्हीएफ. गूगल करून डोकं फिरलंय. – हडपसर, पुणे

उत्तर : गूगल बंद करा आणि आधी तीन रिपोर्ट काढा, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची तपासणी), पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी (बीजांडकोषात किती बीजं दिसतात ते कळतं) आणि मिस्टरांचं सीमेन अॅनालिसिस. हे हातात आल्याशिवाय दोन्हीपैकी कुठलाही डॉक्टर बरोबर किंवा चूक ठरत नाही.

कारण असं बघा. नळी जोडणं (रिव्हर्सल) म्हणजे रस्ता दुरुस्त करणं झालं, त्यावरून जायला बीज हवं आणि समोरून यायला चांगले शुक्राणू हवेत. मिस्टरांचा काउंट फारच कमी निघाला तर जोडलेली नळी शोभेचीच, तेव्हा सरळ आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी). तुमचा एएमएच खाली असेल तरी तेच, कारण ऑपरेशन, मग दोन-तीन महिने विश्रांती, मग वर्षभर वाट बघणं, एवढ्यात तुम्ही चाळिशीला टेकता आणि त्या दोन वर्षांत बीजं कमी होतात ती परत मिळत नाहीत. पण तिन्ही रिपोर्ट चांगले आले, तर मात्र रिव्हर्सल मोडीत काढू नका. त्यात एकदा ऑपरेशन झालं की दर महिन्याला एक संधी मिळते, इंजेक्शनं नाहीत, जुळ्यांची भीती नाही. आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मग भूल देऊन बीजं काढायची, बाहेर गर्भ तयार करून पिशवीत सोडायचा, आणि एका वेळेचा खर्च साधारण दीड ते अडीच लाख, तोही पहिल्याच वेळी यश येईल असं नाही. पस्तिशीच्या आत जे यश मिळतं ते चाळिशीनंतर फार खाली येतं, तुम्ही बरोबर मधल्या उतारावर आहात. आयव्हीएफची एक चांगली बाजू कोणी सांगत नाही ती म्हणजे नळ्या बांधलेल्याच राहतात, बाळ झाल्यावर पुन्हा गर्भनिरोधनाची कटकट नाही. रिव्हर्सलनंतर ती परत आली.

मला विचाराल तर ३८ व्या वर्षी, दोन सिझरचं पोट असताना, पैसे जमत असतील तर मी आयव्हीएफकडे झुकेन. आधीच दोनदा उघडलेल्या पोटात आतडी-मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, नळीपर्यंत पोचणंच जिकिरीचं होतं. पण हे माझं मत झालं, तुमचा सर्जन हाताळणीत पक्का असेल तर तो वेगळं सांगेल आणि तेही चूक नसेल.

बाकी आयव्हीएफ निघालंच मुळी बंद नळ्यांसाठी. १९७८ मध्ये इंग्लंडला जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं त्याच्या आईच्या नळ्याच बंद होत्या. आपल्याकडे ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमनं करून दाखवलं. आता गल्लोगल्ली सेंटर झालीत, तेव्हा सेंटर २०२१ च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) रजिस्टर आहे का ते विचारूनच जा. त्याच कायद्यात वयाची मर्यादा आहे, बाईला ५० आणि पुरुषाला ५५, म्हणजे तुम्हा दोघांना त्याची चिंता नाही. (गोव्यातल्या वाचकांसाठी, बांबोळीच्या गोमेकॉत २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय, तिथे चौकशी करा.)

कुठल्याही मार्गानं दिवस राहिले तरी दोन सिझर झालेल्या बाईनं सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी चुकवायची नाही. गर्भ जुन्या सिझरच्या व्रणावर तर रुजला नाही ना, हे तेव्हाच बघावं लागतं, आणि पुढे वार कुठे आहे तेही. वयामुळे बाळाच्या डाऊन सिंड्रोमची (गुणसूत्रातल्या जन्मजात दोषाची) तपासणी पण सांगतील, पस्तिशीत साडेतीनशेत एक असणारा धोका चाळिशीत शंभरात एकाच्या आसपास जातो. घाबरवायला नाही सांगत, तपासणी सांगितली की ‘माझ्याच वेळी का’ असं होऊ नये म्हणून.

प्रश्न : नमस्कार. मला दोन मुली आहेत, पत्नीचे ऑपरेशन झाले आहे. आईची इच्छा आहे एक नातू पाहिजे. नस जोडून नंतर मुलगाच होईल अशी काही ट्रीटमेंट आहे का? आयव्हीएफमध्ये आधीच समजते असे ऐकले. पत्नीचे वय ३४. – चाळीसगाव

उत्तर : तुमच्या पत्रात आईची इच्छा आहे, तुमची असावी असा अंदाज आहे, पत्नीचं फक्त वय आहे. तिला काय वाटतं?

ट्रीटमेंटबद्दल सरळ सांगते. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, बाईचं बीज त्यात काही ठरवत नाही, त्यामुळे तिच्या नळ्या जोडून, तिला औषधं देऊन, तिला अमुक दिवशी तमुक खायला घालून ते बदलत नाही. आयव्हीएफमध्ये गर्भाचं लिंग बघून निवडणं भारतात गुन्हा आहे, गर्भलिंग तपासणीविरुद्धचा १९९४ चा कायदा २००३ मध्ये दुरुस्त केला तेव्हापासून गर्भ राहण्याआधीची निवडसुद्धा त्यात येते. नुसतं विचारायला, करून घ्यायला गेलेल्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि कायदा हे धरून चालतो की बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली. ‘बाहेरच्या देशात होतं’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

राहता राहिलं ऑपरेशन. पोट उघडायचं तिचं, दोन-तीन तास भूल तिला, गर्भ नळीत राहिला तर जीव धोक्यात तिचा, आणि एवढं करून तिसरी मुलगी होण्याची शक्यता निम्मी. त्या तिसरीला घरात काय वागणूक मिळेल हे तुमच्या पत्रावरून कळतंच. तुमच्या पत्नीला स्वतःला आणखी एक मूल, कुठलंही, हवं असेल तर तिलाच लिहू द्या, मी आनंदानं उत्तर देईन. तुमच्या दोन मुलींचं शाळेचं काय चाललंय तेही त्यात कळवा!

प्रश्न : आमच्याकडे एक जण येतात ते काढा आणि बस्ती देऊन २१ दिवसांत बंद नळी उघडतात, पंधरा हजार सांगितलेत. माझं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालंय. करू का? – नांदेड

उत्तर : नका करू. कापलेली नळी काढ्यानं, बस्तीनं, इंजेक्शननं, मसाजनं, कशानंच जुळत नाही, मधला तुकडाच जागेवर नाहीये तर उघडणार काय? सूज येऊन बंद झालेली नळी वेगळी आणि ऑपरेशननं कापलेली वेगळी, हे लोक मुद्दाम दोन्ही एकच करून सांगतात. पिशवीत अस्वच्छ हातानं काही सोडलं तर जंतुसंसर्ग होऊन उरलेली चांगली नळीही जायची. पंधरा हजार जवळ असतील तर त्यात तुमच्या आणि मिस्टरांच्या वर लिहिलेल्या तपासण्या होऊन पैसे उरतील.

प्रश्न : ताई माझं नस जोडायचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. दोन्ही बाजू जोडल्या असं डॉक्टर म्हणाले होते. अजून काही नाही. दर महिन्याला पाळी आली की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. आता डॉक्टर फोटो काढू म्हणतात एचएसजीचा. तो फार दुखतो का? अजून किती वाट बघायची? – कल्याण

उत्तर : सात महिने म्हणजे फार नाही. पहिले दोन-तीन महिने तर जखम भरण्यात जातात, बहुतेक सर्जन तोवर थांबाच म्हणतात, म्हणजे तुमचे खरे प्रयत्न चार-पाच महिन्यांचेच. ज्यांना नळ्यांचा काहीच त्रास नाही अशा जोडप्यांनाही कधी कधी वर्ष लागतं, हे घरच्यांना सांगा.

तरी एचएसजी करून घ्यायला हरकत नाही, सहा महिने ते वर्ष यात कधीही करतात. पाळी संपल्यावर, पण ती सुरू झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या आत, पिशवीत खालून औषध सोडून एक्स-रे काढतात, औषध नळीतून पुढे गेलेलं फोटोत दिसतं. दुखतं पाळीच्या कळांसारखं, काही मिनिटं, डॉक्टरांना विचारून तासभर आधी एक पेनकिलर घ्या आणि येताना सोबत कोणीतरी असू दे. दोन्ही किंवा एक नळी मोकळी दिसली तर निवांत आणखी सहा-आठ महिने द्या. २८ दिवसांची पाळी असेल तर दहाव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत एकाआड एक दिवस संबंध, बाकी तारखांचा तक्ता भिंतीवर लावू नका, घराचं लॉजिंग-बोर्डिंग होतं नुसतं. दोन्ही परत बंद झाल्यात असं दिसलं तर पुन्हा जोडण्याच्या भानगडीत न पडता आयव्हीएफचं बोला.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे ते लिहिते, आणि ज्यांनी ज्यांनी हे नस जोडायचं ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी सगळ्यांनी वाचा. जोडलेल्या नळीत जोडाच्या जागी थोडा व्रण असतोच, गर्भ पिशवीकडे येता येता तिथेच अडकून रुजू शकतो. साध्या बाईला हा धोका शंभरात एक-दोन, तुम्हाला शंभरात चार ते आठच्या घरात धरा. म्हणून पाळी चार दिवस जरी पुढे गेली तरी ‘बघू आठवडाभर, नजर नको लागायला’ असं करत बसायचं नाही. लगेच घरी लघवीची टेस्ट, पॉझिटिव्ह आली की रक्तातली बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची तपासणी), ती ४८ तासांनी परत, आणि सहाव्या आठवड्यात खालून सोनोग्राफी, पिशवीतच आहे हे डोळ्यांनी बघेपर्यंत पेढे वाटायचे नाहीत. मधल्या काळात एका बाजूला ओटीपोटात दुखणं, काळपट डाग, चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाला दुखणं (पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो, विचित्र वाटेल पण खरं आहे) यातलं काही झालं तर रात्र असो दिवस असो, मोठं हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की माझी नळी जोडलेली आहे. लवकर कळलं तर कधी कधी नुसत्या इंजेक्शनवर भागतं, नळी फुटल्यावर मात्र धावपळच.

आणि चेहरे पडतात ते पडू देत, पाळीची तारीख सगळ्या घराला कळवायचं बंद करा.

प्रश्न : मी २३ वर्षांची, दुसऱ्यांदा आठवा महिना चालू आहे. पहिली मुलगी अडीच वर्षांची. सगळे म्हणतात डिलिव्हरीबरोबरच ऑपरेशन उरकून घे, पुढे वाटलं तर आजकाल उघडता येतं. करू का? – सिन्नर

उत्तर : वरची सगळी पत्रं वाचलीत ना? ‘पुढे वाटलं तर उघडू’ या हिशोबानं हे ऑपरेशन कधीच करायचं नाही. कायम बंद करायचं असेल तरच करायचं. ऑपरेशनआधी ज्या कागदावर सही घेतात त्यातही लिहिलेलं असतं की पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया आहे पण यशाची खात्री नाही, पण तो कागद वाचतं कोण, अंगठा-सही करून मोकळे.

नियमात तुम्ही बसता, २२ वर्षं पूर्ण आणि एक मूल वर्षाच्या वरचं. पण नियमात बसणं वेगळं. सुरुवातीला ज्या अमेरिकेतल्या पाहणीचा आकडा दिला, त्याच पाहणीत तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्या बायकांमध्ये चौदा वर्षांत शंभरातल्या वीस जणींना पश्चात्ताप झाला, तिशीनंतर केलेल्यांमध्ये सहाच जणींना. तुम्ही २३ च्या. बाळ अजून जन्मायचंय, ते तब्येतीनं कसं आहे हे कळायच्या आत कायमचा निर्णय कशाला?

डिलिव्हरीनंतर ४८ तासांच्या आत कॉपर टी बसवतात, सरकारी दवाखान्यात मोफत, दहा वर्षं चालते आणि वाटलं त्या दिवशी काढता येते. अंगावर दूध पाजताना चालते. नको असेल तर तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, तेही मोफत, फक्त अंगावर पाजत असाल तर बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतात. दहा वर्षांनी तुम्ही तेहेतीसच्या असाल, तेव्हाही पक्कं वाटलं तर ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

आणि तेव्हासुद्धा ते तुमचंच व्हायला पाहिजे असं कुठे लिहिलंय? पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, तीन महिन्यांनी एक वीर्य तपासणी केली की झालं. तरी देशात नसबंदी केलेले पुरुष शंभरात एकसुद्धा नाहीत, ०.३ टक्के!

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा मिस्टरांना सोबत न्या, आणि कॉपर टी ठरली तर ती केस पेपरवर आधीच लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर लेबर रूममध्ये कोणी विचारत बसत नाही, आणि लिहिलेलं नसलं की नातेवाईक परस्पर ‘ऑपरेशनच करून टाका’ म्हणून सांगून मोकळे होतात.